मोठ्या सिस्टरचं सर्टिफिकेट

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत ती बसायची. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाची कागदपत्रं तपासणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला कागदताई म्हणत. शिक्के आणि सह्या भिंगातून बघून बघून तिचे डोळे पार शिणले होते. "खोटी सर्टिफिकेटं खऱ्यापेक्षा देखणी असतात," असं ती म्हणायची.

मग ब्लॉकचेन आलं, म्हणजे कॉम्प्युटरवरची एक सामायिक नोंदवही. कॉलेजांनी पास झालेल्यांच्या नोंदी, अगदी जुन्या वर्षांच्यासुद्धा, त्यात चढवल्या. "एकच नोंद पुष्कळ ठिकाणी राहते," शिकवायला आलेल्या माणसाने सांगितलं. "एका ठिकाणी कुणी हात मारला, की बाकीच्या ठिकाणच्या नोंदी लगेच चहाडी करतात." कागदताईला हायसं वाटलं.

पण हॉस्पिटलच्या साहेबांनी आधीपासून नोकरीत असलेल्यांचीही तपासणी काढली. बहुतेकांच्या नावापुढे हिरवी खूण आली. मोठ्या सिस्टरच्या नावापुढे आली नाही. कागदताईने कॉलेजला फोन लावला.

"दोन वर्षांच्या नोंदी आहेत. तिसरं वर्ष केलेलंच नाही त्यांनी," पलीकडून उत्तर आलं.

मोठी सिस्टर म्हणजे वॉर्डाचा आधार. भेदरलेल्या पेशंटचा हात तिने धरला की तो शांत व्हायचा. अहवाल पाठवण्याआधी कागदताई जिना चढून वर गेली. सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत पाय चोळत बसली होती.

"सिस्टर, तुमचं सर्टिफिकेट..."

सिस्टरने वर पाहिलं नाही. "तिसऱ्या वर्षात वडील गेले. घरात धाकटी भावंडं. एकाने कागद करून दिला." मग म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या हातून कुणाचं वाईट झालंय?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"मग राहू दे ना गं."

कागदताईच्या मनात आलं: गेल्याच वर्षी अशाच खोट्या कागदावर आलेल्या एकाच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं होतं. आज हिला सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवायचं?

"मला नाही जमणार, सिस्टर. तुम्ही आधी स्वतः साहेबांना सांगा. मी दुपारपर्यंत थांबते."

सिस्टरने जाऊन सांगितलं. साहेबांनी पोलिसांना न कळवता राजीनामा घेतला, तेवढीच मेहेरबानी. वॉर्डातल्या पोरींनी मात्र कागदताईशी बोलणं टाकलं. "हिच्याच पोटात दुखत होतं," असं त्या तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. ती मान खाली घालून पुढे जायची. भांडायला अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

काही महिन्यांनी बसस्टॉपवर दोघींची गाठ पडली. सिस्टर एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे दिवसभर राहायची.

"तिथे कागद विचारत नाहीत," ती म्हणाली. "उसंतही देत नाहीत."

"मी कॉलेजात चौकशी केलीय. तिसरं वर्ष आता करता येईल तुम्हाला."

"या वयात? आता त्राण नाही गं." सिस्टरने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुझी चूक नाही, कळतं मला. पण सध्या माझ्याशी बोलू नकोस. जड जातं."

बस आली. सिस्टर पुढच्या दाराने चढून खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. कागदताई मागच्या दाराने चढली आणि मागेच दांडी धरून उभी राहिली.