पणताईचं निवेदन

चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या या बाईला घरात सगळे पणताई म्हणत. नाव धाकट्या दिरानं ठेवलेलं, कारण कुणी काहीही बोललं की हिचं उत्तर 'पण'पासून सुरू व्हायचं. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर रिकामं वाटू लागलं, आणि चाळिशी उलटल्यावर पणताईनं जाहीर केलं, "मी कायदा शिकणार."

"वहिनी, शिकायचं अजून काही राहिलंय?" दीर म्हणाला.

लॉ कॉलेजनं अर्जासोबत एक निवेदन मागितलं होतं. कायदाच का शिकायचाय, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. पणताईनं सुट्टीची अख्खी सकाळ घालवली आणि नवऱ्याला वाचून दाखवलं, "बालपणापासून माझ्या अंतःकरणात न्यायाची ज्योत तेवत आहे..."

टोमॅटो चिरणारा नवरा थांबला. "कुणाच्या?"

"माझ्या."

"बालपणी तू भावाची कंपासपेटी लपवून त्यालाच शोधायला लावायचीस. तुझ्या आईनंच सांगितलंय."

"पण असंच लिहितात."

"वरच्या मास्तरांच्या ट्रंपेटचं का नाही लिहिलंस?"

पणताई गोरीमोरी झाली. ते तिनं मुद्दाम टाळलं होतं. नवरा छापखान्यात रात्रपाळी करायचा, दुपारी झोपायचा, आणि वरच्या मजल्यावरचे संगीतशिक्षक नेमके तेव्हाच ट्रंपेट वाजवायचे. त्यानं सोसायटीच्या सभेत तक्रार केली. पणताई त्याच्या बाजूनं बोलायला म्हणून गेली होती. पण मास्तर बोलताना अडखळायचे, आणि एकही वाक्य त्यांना कुणी पुरं करू देईना. तिला राहवेना. उठून म्हणाली, "बंदी घालायची तर घाला, पण आधी यांचं ऐकून तर घ्या." ऐकल्यावर बंदी बारगळली. वाजवायची वेळ संध्याकाळची ठरली. नवऱ्याला हवं ते मिळालं, तरी स्वतःच्या बायकोनं भर सभेत तोंडघशी पाडल्यामुळे तो कितीतरी दिवस मीठसुद्धा तिला न मागता उठून घ्यायचा.

"तुझी शोभा होईल," ती म्हणाली.

"झाली तेवढी झाली. लिही. फक्त माझी बाजू नीट मांड. मला खरंच झोप लागत नव्हती."

तिनं ज्योत विझवली आणि सभा लिहून काढली. नवऱ्याला वेगळा परिच्छेद दिला. त्यात त्याचे तांबारलेले डोळेही लिहिले. आपण उठलो तेव्हा हे सगळं ठाऊक असूनच उठलो होतो, हेही तिनं लिहिलं. नवऱ्यानं वाचून एकच दुरुस्ती सुचवली, सभेतल्या त्याच्या बोलण्याबद्दलचं 'आरडाओरडा करत' खोडून 'मोठ्या आवाजात' करायची. तिनं ती मानली नाही.

मुलाखतीत प्राध्यापकबाईंनी विचारलं, "नवऱ्यानं हे वाचलंय?"

"वाचलंय. अजून कुरबुरतोय."

प्रवेश मिळाला. वर्ग सकाळचे. ती निघते तेव्हा तो कामावरून येतो. त्याचे डोळे मिटत असतात, तिची बस चुकायला आलेली असते, तरी काल वर्गात काय झालं ते ऐकल्याशिवाय तो दारातून हलत नाही.