मंद्रूपच्या भावाची चोळी

मला भाऊ नाही, हे दर दिवाळीत मला चंद्राला सांगावं लागे. ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आमच्यात रीत. माहेरी आई ताट हातात देई, लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माझं मीच करू लागले. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर, त्यातून गिरणीच्या धुरात ती दिसायची मारामार. खाली शेजारपाजारच्या घरांतून भाऊ जेवून ढेकर देत बाहेर पडत असायचे आणि मी गच्चीवर मान वर करून उभी. ज्यांना भाऊ आहेत त्यांना यातलं काही कळायचं नाही, आणि मी समजावायलाही जाणार नाही.

आमचे हे शाळेत मास्तर होते. विडी नाही, पान नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. काळा कोट, काळी टोपी आणि बोलणं इतकं गोड की रडणारं पोर रडायचं थांबे. मला त्यांचा फार अभिमान होता. आज हे लिहिताना माझा तिळपापड होतो, पण होता हे खरं.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. श्रावणातल्या एका सोमवारी मी सिद्धेश्वराला गेले होते. दर्शन झालं, आणि पाय धुवायला तळ्याच्या पायऱ्या उतरले तर पायाला काहीतरी जड लागलं. खाली बघते तो कापडाचा कसा. व्यापारी लोक कमरेला बांधतात ना, ती लांबोडकी पिशवी, तो कसा. आत रुपये ठासून भरलेले. आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी तो पदराखाली घेतला आणि तिथंच पायरीवर बसून राहिले. ज्याचा गेला तो येणारच, एवढं मला कळत होतं. घरी नेला असता तर तो माणूस मला कुठं शोधणार होता?

ऊन चढलं. देवळातली गर्दी पांगली. तेवढ्यात एक गृहस्थ धावत पायऱ्या उतरले. पटका अर्धा सुटलेला, धोतर ओलं, कमरेवरून सारखा हात फिरवतायत आणि तोंडानं कानडीत स्वतःलाच शिव्या देतायत. कपाळावर भस्माचे पट्टे. मी उठून विचारलं, "काय हरवलं हो?"

"कसा, अक्का! सरकीचं पैसं. आंघोळीला सोडून ठेवला न् देवापुढं जाताना इसरलो की!"

"खूण काय?"

"टोकाला हळकुंड बांधलंय बायकूनं. नजर लागू नये म्हनून."

मी पदराखालून कसा काढून त्यांच्या पुढे धरला. एवढा दांडगा माणूस, पण पायरीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मला हसूही आलं आणि माझेही डोळे भरून आले.

ते ऐकेचनात. तुमच्या मालकांना भेटल्याशिवाय जात न्हाय, म्हणाले. मी पुढे आणि ते चार हात मागे, असे आम्ही घरी आलो. ते जवळच्या मंद्रूप गावचे, आणि सोलापुरात सरकी-पेंडीचं दुकान चालवतात, एवढं मला वाटेत कळलं. ओसरीवर बसताच त्यांनी कसा सोडला आणि ह्यांच्यापुढे ठेवला.

"मास्तर, ह्यातलं तुमच्या हातानं घ्या. मी न्हाय म्हननार न्हाय."

ह्यांनी हात जोडले. "अहो, प्रामाणिकपणाचे पैसे घेतले तर तो प्रामाणिकपणा कसला? आमच्या घरात हे चालत नाही." काय तो आवाज, काय तो मानेचा झोक! मी दाराआड उभी होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पाहुणे जरा खट्टू झाले. मग दाराकडे बघून त्यांनी मलाच विचारलं, "अक्का, तुमाला भाऊ किती?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"मग आज एक झाला की! बक्षीस नगं तर नगं. भनीला बक्षीस देतंय कोन? चोळी-बांगडी देत्यात. मास्तर, ह्याला न्हाय म्हनू नगा, ह्यो भावाचा मान हाय. अक्का, दिवाळीला भाऊबीजेला येतो. पाट मांडून ठेवा."

ह्यांनी हसून मान डोलावली. ते गेले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्याले. रुपयांचं मला काही वाटलं नाही. पण पाट मांडून ठेवा, असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

ही गोष्ट गावभर झाली, आणि कशी कोण जाणे, ती ह्यांची झाली. मास्तरांच्या घरी कसा सापडला, मास्तरांनी परत केला, मास्तरांनी एक पै घेतली नाही. शाळेच्या समारंभात पाहुण्यांनी ह्यांना हार घातला. हे दर वर्षी नव्या वर्गाला ती गोष्ट सांगत. त्यात मी असे, पण शेवटी कसा घेऊन "आता काय करू?" असं विचारायला ह्यांच्याकडे येणारी. मी ऐकून हसत असे. नवरा-बायकोत कुणाचं नाव झालं त्याचं काय एवढं, असं मला वाटे.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी पहाटेपासून कामाला लागले. पाट मांडला, त्याभोवती रांगोळी काढली, श्रीखंड केलं. लिंगायत माणूस, तेव्हा त्यांच्याकडे चालतं-नाही-चालतं ते शेजारणीला विचारून ठेवलं. दुपार टळली, दिवेलागण झाली. कुणी आलं नाही. शेवटी ते ताट घेऊन मी गच्चीवर गेले आणि नेहमीच्या त्या कोरीला ओवाळून आले. श्रीखंड तसंच झाकून ठेवलं.

हे माझ्या जवळ बसले. म्हणाले, "अगं, व्यापारी माणूस तो. पैसे हाती आले, विसरला. आपण मनाला लावून घेऊ नये." आणि कोटाच्या खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. इरकली काठाचा सुरेख खण! "भाऊ नाही आला म्हणून काय झालं? मी आहे ना?"

मी किती रडले त्या दिवशी! भावाच्या नावानं बोटं मोडली आणि नवऱ्याच्या पाया पडले.

असं तीन-चार दिवाळ्या झालं. भाऊ येत नसे, खण येत असे. हिरवा आला, मग जांभळा, मग डाळिंबी. ह्यांना रंगाची एवढी पारख कुठून आली याचं मला नवल वाटे. मी त्या चोळ्या शिवून घालत असे आणि हळदीकुंकवाला बायका विचारत तेव्हा मिरवून सांगत असे, "आमच्या ह्यांनी आणला." मंद्रूपच्या त्या माणसाचा विषय निघाला की मात्र माझी जीभ सुटे. कानडी अप्पा, गोडबोल्या, काम झाल्यावर पाठ फिरवणारा. एकदा तर मी म्हणाले की तो पैशांचा कसा तळ्यात टाकला असता तर बरं झालं असतं. हे तेव्हा समोर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण मान वर केली नाही.

मग एका संक्रांतीला मी शेजारणींबरोबर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गेले. बांगड्यांच्या पालापाशी मंद्रूपचे ते गृहस्थ दिसले, बरोबर त्यांची बायको. मी तोंड फिरवून निघणार होते. पण त्यांनीच लांबून हात जोडले आणि मला वाट देत मागे सरकून उभे राहिले. अंग चोरून, धक्का लागू नये म्हणून. मला राग आला. म्हटलं, "ओळखलंत का तरी?"

"असं का म्हनता अक्का? भनीला कोन इसरंल?"

त्यांच्या बायकोचं लक्ष माझ्या चोळीकडे होतं. ती हरखून नवऱ्याला कानडीत काहीतरी म्हणाली, मग मला म्हणाली, "ह्यो गेल्या दिवाळीचा न्हवं? डाळिंबी मीच निवडला. तुमाला लई खुलतंय."

मला काही समजेना. मी खुळ्यासारखी तिच्याकडे बघत राहिले.

मग ते सांगू लागले. सहज, कुठलीही तक्रार नसल्यासारखे. पहिल्याच दिवाळीच्या आधी मास्तर दुकानात आले. म्हणाले, आमच्या घरात सोवळं कडक, परजातीच्या माणसाला पाटावर बसवून ओवाळणं तिला जमायचं नाही. तिला तोंडावर सांगायला संकोच वाटतो, म्हणून मला पाठवलंय. चोळी-बांगडी मात्र ती आनंदानं घेईल, माझ्याकडे द्या. तेव्हापासून दर दिवाळीला खण आणि बांगडीचे पैसे मास्तर दुकानातून नेत.

"राग न्हाय हो अक्का," ते म्हणाले. "ज्याच्या त्याच्या घरची रीत. चोळी अंगाला लागती, मला तेवढं बास हाय. बांगडीचं पैसं पोचत्यात की?"

माझ्या अंगावर त्यांचीच चोळी होती. तीच घालून मी त्यांना शिव्याशाप देत होते, आणि तीच मिरवून नवऱ्याचं कौतुक सांगत होते. ती तिथंच टरकन फाडून काढावी असं मला वाटलं. मी एवढंच म्हटलं, "दादा, या दिवाळीला या. मी बोलावते आहे. माझ्या तोंडानं बोलावते आहे." आणि मी निघाले.

घरी आल्यावर मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. नाकारलं नाही त्यांनी. टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "मग काय त्याला पाटावर बसवून गावाला तमाशा दाखवायचा होता?"

"आणि त्याचा खण कसा चालला?"

"खण काय, कापड आहे. कापडाला कुठली जात?"

"आणि पैसे?"

"घरातच गेले. मी काय जुगार खेळलो?"

"तुम्ही त्याला सांगितलंत की मला तो चालत नाही. माझ्या नावानं सांगितलंत. आणि मला म्हणालात, तो विसरला. मी रडत होते तेव्हा शेजारी बसून म्हणालात." माझा आवाज चढला होता, शेजारी ऐकू जात असेल, पण मला त्याची पर्वा राहिली नव्हती. "मला पैसे नको होते हो! मला भाऊ हवा होता!"

तेव्हा हे अगदी हळू आवाजात म्हणाले, चुकलं माझं. जानवं हातात धरून म्हणाले, येत्या भाऊबीजेला मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन येतो. मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होते? त्याच घरात राहायचं होतं, त्याच माणसाला वाढायचं होतं.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी हे खरोखरच दुकानात जाऊन आले. "येतायत संध्याकाळी," म्हणाले. मनावरचं मळभ बरंचसं गेलं. आणि दिवेलागणीला ते आले, कोरा पटका बांधून, बायकोला घेऊन. पाटावर बसताना त्यांनी दोनदा विचारलं, "बसू न्हवं? चालतंय न्हवं?" मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ताट वर आभाळाकडे न धरता समोर धरलं आणि ओवाळलं.

त्यांनी वाकून ताटात एक सुपारी ठेवली. फक्त सुपारी. आणि ओशाळून म्हणाले, "अक्का, ओवाळनी सकाळीच मास्तरांकडं दिली. ताटात टाकल्यालं तुमाला चालत न्हाय म्हनले."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते.

"मला चालतं, दादा," मी म्हटलं. "मला ताटातलंच चालतं."

त्या माणसानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या पाठीकडे. व्यापारी माणूस तो, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिसा चाचपला, एक रुपया काढला आणि आवाज होऊ नये असा हळूच ताटात ठेवला. जेवताना त्याची बायकोच काहीबाही बोलत राहिली.

ती दोघं गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "का केलंत हो? जानवं धरून सांगितलं होतंत ना?"

त्यांना खरोखरच नवल वाटलं. वर्गात पोरांना समजावून सांगत त्याच गोड आवाजात म्हणाले, "अगं, तूच नाही का म्हणालीस, पैसे नकोत, भाऊ हवा? भाऊ आणून दिला ना मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात आला, तेव्हा घरात सुटे नाहीत म्हणून ह्यांनी ताटातला तो रुपया मागितला. मी दिला नाही.