हेनिंगने उपसलेल्या वायरी

हेनिंग क्वास्टला आमच्या मंडळात सगळे ‘ट्रामवाला’ म्हणत. लाइपझिगच्या ट्राम डेपोत तो इलेक्ट्रिशियन. मंडळ कसलं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जुन्या सूतगिरणीतल्या एका खोलीत जमणारे आम्ही दहा-बारा जण. आपल्या हातांनी जोडलेली सिंथेसायझरची मॉड्यूल्स आणायची, वाजवायची, एकमेकांच्या सोल्डरिंगला नावं ठेवायची आणि बियर प्यायची.

हे नाव पाडलं होतं उल्फ ड्रेश्करने. उल्फ लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचा. त्याच्या कानातून काही सुटत नसे. “ट्रामवाल्या, तुझं वाद्य वळणावरच्या चाकांसारखं किंचाळतंय,” असं तो भर मंडळात म्हणायचा, आणि हेनिंग हसत बटणं फिरवायचा. पंधरा वर्षांची दोस्ती होती.

या वाद्यात एक मॉड्यूल आवाज काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं त्याला लय देतं. लाकडी पेटीत ती शेजारी शेजारी बसवायची, वायरींनी जोडायची आणि बटणं जुळवत बसायचं. वायरी उपसल्या की तो आवाज गेला. कागदावर कितीही उतरवून ठेवा, तोच पुन्हा आलेला मी तरी ऐकला नाही. रेकॉर्ड करून ठेव म्हटलं तर उल्फ म्हणायचा, “बरणीत मुरवलेली काकडी तुम्ही खा, मला ताजी लागते.”

त्या वर्षी बायकोच्या साठाव्या वाढदिवसासाठी उल्फ दोन महिने एकच आवाज जुळवत होता. मार्लीसला पत्ता नव्हता. हेनिंगला तेवढं त्याने सांगितलं होतं.

मार्चमध्ये उल्फला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. हॉस्पिटलात त्याने डाव्या हाताने हेनिंगची बाही धरली.

“पेटी... हात... नको.”

“नाही रे लावत. वेडा आहेस का?”

मार्लीस दिवसभर नवऱ्याजवळ असायची. टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला म्हणून तिने घराची किल्ली हेनिंगला दिली. एका गुरुवारी दुपारी पाणी घालून झाल्यावर त्याने उल्फची पेटी चालू केली. पाऊण तास तो स्टुलावरून उठला नाही. खाली एक खोल घुमणारा सूर होता आणि वर दोन बारीक सूर एकमेकांना शोधत फिरत होते. प्रत्येक वेळी वाटे, आता भेटणार.

शनिवारी हेनिंगला हाले शहरात साठ-सत्तर लोकांसमोर वाजवायचं होतं. त्याचं आवाज गाळणारं मॉड्यूल जळलं होतं. उल्फच्या पेटीतलं तसलंच मॉड्यूल दोघांनी मिळून बनवलेलं. ‘अर्धं माझंच आहे,’ असं त्याने मनाशी म्हटलं. मोबाइलवर फोटो काढला, अकरा वायरी उपसल्या आणि चार स्क्रू सोडवून मॉड्यूल घेऊन गेला.

हालेमध्ये टाळ्या पडल्या. रविवारी तो मॉड्यूल परत बसवायला गेला आणि फोटो उघडला. सगळ्या वायरी काळ्या, एकमेकींवर पडलेल्या, त्यांच्याखाली निम्मी बटणं झाकलेली. शिवाय स्क्रू सोडवताना त्याच्या बाहीने कुठली बटणं हलली होती, देव जाणे. तो तीन दिवस रजा काढून खपला. आवाज आला. चांगला आला. पण तो नव्हे.

जूनमध्ये वाढदिवस झाला. उल्फ चाकाच्या खुर्चीत बसला होता, टेबलावर स्ट्रॉबेरीचा केक होता. उल्फने बोट दाखवलं आणि मार्लीसने पेटी चालू केली. ऐकता ऐकता ती रडू लागली. उल्फने मान किंचित तिरकी केली, ऐकलं आणि हेनिंगकडे पाहिलं. हेनिंग केककडे पाहू लागला.

“उल्फ, हे सगळं माझ्यासाठी केलंस?” मार्लीसने विचारलं.

उल्फला शब्द सापडायला वेळ लागला.

“हो,” तो म्हणाला.

त्यानंतर हेनिंग मंगळवारी येईनासा झाला. मी डेपोच्या फाटकाशी त्याला गाठलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. “त्याने शिवी दिली असती तर मी सोसली असती. तो माझ्यासाठी खोटं बोलला गं.” मार्लीसला सांगून टाक, असा सल्ला मीच दिला. अजून वाटतं, मी गप्प बसायला हवं होतं.

सप्टेंबरमध्ये तो त्यांच्या घरी गेला. मार्लीस स्वयंपाकघरात आलुबुखारांच्या बिया काढत होती.

“त्या दिवशी वाजलं ते उल्फचं नव्हतं, मार्लीस. त्याचं मी मोडलं. ते माझं होतं.”

तिचे हात थांबले नाहीत. “त्याला माहीत आहे?”

“पहिल्या मिनिटालाच कळलं त्याला.”

“मी रोज दुपारी ते लावून बसते, हेनिंग. त्याला बोलता येत नाही, तर म्हटलं, हेच त्याचं बोलणं.” मग तिने हातातलं आलुबुखार खाली ठेवलं. “तुझं ओझं उतरलं. आता मी काय लावून बसू?”

“माझ्याकडे फोटो आहे,” हेनिंग म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याची त्यालाच लाज वाटली.

“जा आता.”

पण आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. दार उघडंच होतं, उल्फने सगळं ऐकलं होतं. हेनिंग आत गेला. उल्फने डाव्या हाताने पेटीकडे बोट केलं.

“काढ.”

“काय काढू?”

“सगळं.”

हेनिंगने दारात आलेल्या मार्लीसकडे पाहिलं. त्याने एकेक करून सगळ्या वायरी उपसल्या. मार्लीस शेवटची वायर निघेपर्यंत उभी होती, मग परत बिया काढायला गेली.

तेव्हापासून दर रविवारी हेनिंग तिथे जातो. उल्फ बोट दाखवतो, हेनिंग वायर खोचतो. “डावं. कमी. गाढव.” हे तीन शब्द आता उल्फला स्वच्छ म्हणता येतात. दीड वर्ष झालं. तो आवाज सापडलेला नाही. उल्फलाच आता तो नीट आठवत नाही, असं हेनिंगला वाटतं, पण ते तो विचारत नाही.

परवा मी म्हटलं, “उल्फने माफ केलं ना तुला? मग सोड आता.”

“उल्फने केलं,” तो म्हणाला. “मार्लीस दार उघडते, कोट घेते. कॉफी मात्र विचारत नाही. बरोबरच आहे तिचं.”

हालेच्या लोकांनी यंदाही त्याला बोलावलं होतं. त्याने नाही म्हणून कळवलं.