वयनीचा उजवा हात

अगं, उंबऱ्यातच काय उभी? ये, अशी जवळ सरक. इतके दिवस कुठे होतीस ते आधी सांग — नको, राहू दे, तुझी कारणं मला पाठ आहेत. आज माझंच ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तेव्हासुद्धा हे तेवढं सोडून बाकी सगळं सांगत बसले.

तू मला नेहमी काय म्हणतेस? जावा असाव्यात तर अशा. तूच नाही, सगळी आळी म्हणते. रोज सकाळी मी वयनीला पाटावर बसवते, तेल लावते, केस विंचरून अंबाडा बांधते. वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून. लोक बघतात आणि आपल्या सुनांना माझा दाखला देतात. मी ऐकून घेते. अजून गोड लागतं — खोटं कशाला बोलू?

पण तो हात वर का जात नाही, हे कुणी कधी विचारलंय?

सानपाडा तेव्हा गाव होतं गं. स्टेशन नव्हतं, हे टॉवर नव्हते. मुंबईला जायचं तर हमरस्त्यावर जाऊन उभं राहायचं आणि खाडीपुलावरून बसने. आमच्या घरात भाकर तांदळाची. पोळपाटावर नाही, परातीत नाही, पाण्याचा हात लावून दोन तळहातांवर फिरवत थापायची. आणि घरची भाकर मोठ्या सुनेची, हा नियम. मी लग्न होऊन आले त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती, तरी माझ्या हाताला पीठ लागू दिलं नाही तिने. कधी ती बाहेर गेली नि मी थापलीच, तर आल्याबरोबर भाकर उचलून सगळ्यांना दाखवायची. "हिच्या भाकरीचा बांध घाला रं, खाडीचं पानी आत येनार नाय!" सासरे हसायचे, दीर हसायचे. माझा नवराही हसायचा. मीही हसायची. काय करणार?

मग तिला गाठ निघाली. छातीत, उजव्या बाजूला. रोगाचं नाव गावात कुणी घेतलं नाही, गाठ एवढंच. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, ती बाजू काढली, काखेतूनही काही काढलं. वयनी तिकडे होती तितके दिवस भाकर मी केली. आणि एक दिवस सासऱ्यांनी ताटात बोट आपटलं — आणखी एक आण. एवढंच. पण दहा वर्षांत मला कुणी आणखी एक मागितली नव्हती.

वयनी घरी आली ती हात वर न्यायच्या हट्टानेच. वॉर्डातल्या बायका करायच्या तसं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथे पोचतील तिथे कोळशाने रेघ ओढायची. चुलीशेजारच्या भिंतीवर एकावर एक रेघा. रेघ चढली की मला हाक मारून दाखवायची, "बघितलास गो?"

तिसऱ्या आठवड्यात काखेत दोऱ्या धरल्या. खरंच दोऱ्या — काखेपासून कोपरापर्यंत, कातडीखाली. हात उचलला की जाळ्याची दोरी ओढल्यावर ताठ होते ना, तशा उभ्या राहायच्या. ती ओठ चावायची. घाबरली. वयनी घाबरलेली मी पहिल्यांदा बघितली. इस्पितळातून गोळ्या आणायला मीच जाणार होते. म्हणाली, "त्या सिस्टरला इचार, ह्या शिरा का काय हायत. तुटतील का?"

विचारलं मी. सिस्टर फार चांगली बाई होती. मला भिंतीशी उभं करून माझाच हात वर नेऊन दाखवला. म्हणाली, दुखेल, पण रोज हळूहळू ताणायचं. त्या दोऱ्या सैल होतात. एखादे वेळी चटकन तुटल्यासारखं वाटेल, भ्यायचं नाही. पण हात गळ्यात बांधून ठेवलात तर खांदा धरेल, मग तो सुटणं कठीण. हे सगळं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. म्हणजे मला समजलं नाही असं नाही. शब्द न् शब्द समजला होता. बसमध्ये पुलावर मी तो मनात घोळवत होते — खरंच सांगणार होते गं.

घरी आले तर वयनी ओटीवर बसलेली, मांडीवर परात. डाव्या हाताने पीठ चिवडून बघत होती. शेजारची म्हातारी समोर. मला बघून वयनी म्हणाली, "आली बांधवाली! सोमारपासना पीठ माजं. तुजी सुटका, नि घरातल्यांच्या दातांचीबी." म्हातारी खो-खो हसली. मग वयनीने हसत हसतच विचारलं, "काय म्हनली सिस्टर?"

आणि मी म्हणाले — शिरा आहेत. ताणू नका म्हणाली. तुटल्या तर हात जाईल. बांधून ठेवा.

एका दमात. आधी ठरवलेलं काही नव्हतं. असं कसं आलं तोंडातून? की दहा वर्षं तिथेच बसलं होतं?

म्हातारीने लगेच मान हलवली, "शीर तुटली त हात वालतो गो." झालं. वयनीने परात माझ्याकडे सरकवली. जुन्या लुगड्याची झोळी करून तिचा हात मीच गळ्यात बांधला. गाठ घट्ट मारली. दिवाळीला भिंतीला चुना दिला तोही मीच. रेघा गेल्या.

रोज वाटायचं, उद्या सांगू. पण सांगणार काय? मी खोटं बोलले म्हणून? आणि तिकडे ताटावरून हाक यायची, आणखी एक आण.

तीन महिन्यांनी पुढची तारीख. सिस्टरने झोळी सोडली, हात वर न्यायला गेली, वयनी ओरडली. खांदा धरला होता. वयनी पडद्यामागे पोलक्याची हुकं लावत होती, एका हाताने. सिस्टर माझ्यावर चिडली — तुम्हाला इतकं समजावलं होतं, यांना सांगितलं नाही का?

इथे तरी मला तोंड होतं ना? मी म्हणाले, "सांगितलं हो. त्या ऐकत नाहीत कुणाचं."

पडदा पातळ होता. हातभर अंतर. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, पिशवी डाव्या हातात घेतली. बसमध्ये जागा नव्हती. वरचा दांडा तिला धरता येईना, म्हणून मी तिला कमरेला धरून उभी राहिले, सगळा पूल. घर जवळ आलं तेव्हा एवढंच बोलली, "चल, भाकरीचा टाईम झाला तुजा."

तुजा. तिने ऐकलं होतं का? आजतागायत मला माहीत नाही.

पुढे मी तिला रोज भिंतीशी उभी केली, रडलेही — पण ते सांगत नाही. ते सांगितलं की बरं वाटतं, आणि बरं वाटायला नको. हात खांद्यापर्यंत आला, तिथेच थांबला. तिच्या पोरीच्या लग्नात मुंडावळ्या आईने बांधायच्या, त्या मी बांधल्या. वयनी शेजारी उभी राहून गाठ नीट बसली का बघत होती.

आता माझी भाकर पातळ होते. वयनी दोन खाते. चव कशी आहे, कधी म्हणत नाही. केस विंचरताना तिची पाठ माझ्याकडे असते, तोंड दिसत नाही. एकदा म्हणाली, "तुजा हात हलका हाय गो." माझ्या हातातली फणी तशीच थांबली. ती वाट बघत बसून राहिली, आणि मी पुन्हा विंचरू लागले.

हे एवढंच. तू आता काय म्हणशील ते म्हण, किंवा काही म्हणू नकोस. पण पुन्हा इतके दिवस लावू नकोस. लवकर ये. सकाळचीच ये, सातच्या सुमाराला. वयनी पाटावर बसलेली असते, तोंड दाराकडे करून. तुला पहिली तीच बघेल, आणि तुझ्या तोंडावरून काय ते ओळखेल.