अनुभवाचा रकाना

उरुमकान एजे आमच्या गावच्या बालवाडीत एकोणीस वर्षं मदतनीस आहे. एजे म्हणजे ताई; वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात. मुलांचे बूट काढायचे, नाकं पुसायची, दुपारी त्यांना झोपवायचं, एवढंच तिचं काम, असं तिच्या नोकरीच्या पुस्तिकेत लिहिलंय. मला अक्षरं मात्र तिनेच शिकवली.

वर्गाच्या शिक्षिका होत्या बुरुल एजे. पेन्शनला पंधरा वर्षं उरली असताना त्यांची नजर गेली. त्या पुस्तक उघडून खुर्चीत बसायच्या आणि उरुमकान एजे त्यांच्या खांद्यामागून वाचायची, फळ्यावर लिहायची. आम्हा मुलांना वाटायचं, शिकवायला दोन बायका लागतातच.

पुढे बुरुल एजे निवृत्त झाल्या. तो वर्ग उरुमकान एजेला हवा होता, पण त्यासाठी विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागणार होतं. अभ्यासक्रम दोन होते: आधी शिकवलेल्यांना एक वर्षाचा, नवख्यांना दोन वर्षांचा. मुख्याध्यापिका नासिपा एजे वर्षभर वर्ग स्वतः सांभाळायला तयार होत्या. त्याहून जास्त थांबणं त्यांच्या हातात नव्हतं.

अर्ज ऑनलाइन होता. मी गावात इंटरनेटच्या जोडण्या करते, म्हणून तो भरायला मला बोलावलं. समोर कणकेच्या तळलेल्या बोर्सोकची परात आणि दुधाचा चहा.

"शिकवण्याचा अनुभव किती वर्षं?" मी विचारलं.

"पंधरा लिही," नासिपा एजे म्हणाल्या. "शिक्का मारून पत्र देते. खोटं थोडंच आहे?"

"आणि ती पंधरा वर्षं बुरुल एजे काय करत होत्या, असं विचारलं तर?" उरुमकान एजे म्हणाली.

"सांगायचं, दिसत नव्हतं तिला."

"म्हणजे गावभर बोभाटा. पगार फुकट खाल्ला म्हणतील. या वयात तिने तोंड लपवून बसायचं?"

"अगं, ती तुला एका शब्दाने बोलणार नाही!"

"तेच तर. बोलणार नाही आणि घराबाहेरही पडणार नाही."

"वर्ग हातचा जाईल, उरुमकान. शहरातून कोणीतरी पोरगी आणून बसवतील."

"बसवू देत. ए पोरी, खाणं थांबव, शून्य टाक."

"एजे, मला तुम्हीच शिकवलंत," मी म्हणाले.

"हो ना? मग शून्य काढता येत असेल की."

मी शून्य टाकलं. नासिपा एजे तावातावाने उठून गेल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

दर शुक्रवारी उरुमकान एजे खिंड ओलांडून विद्यापीठात जाऊ लागली. पहिल्या दिवशी अठरा वर्षांच्या मुलींनी तिला विचारलं, "कोणाला सोडायला आलात?" ती म्हणाली, "स्वतःलाच," आणि पहिल्या बाकावर बसली.

बुरुल एजे या वसंतात गेल्या. दुखवट्याच्या जेवणात त्यांच्या मुलीनेच सगळं मोठ्याने सांगितलं, म्हणून मी हे लिहू शकते.

वर्ग आता शहरातून आलेल्या आयपेरीकडे आहे. ती उरुमकान एजेहून पंचवीस वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात मुलं तिचं काही ऐकेनात, सगळी मदतनीस बाईकडेच धावायची. उरुमकान एजेने मुलांना रांगेत उभं केलं, स्वतः रांगेच्या टोकाला उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "आयपेरी एजे, आम्ही बसू का?"