वन्संची पिवळ्या फुलांची मोजणी

माझ्या नणंदेला ऑफिसात तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठ वळली की 'मोजणीबाई'. म्हणताना एकमेकांना कोपरखळ्या मारतात. मी तिथेच टायपिस्ट आहे, म्हणजे त्या कोपरखळ्या मी बावीस वर्षं बघते आहे. या बावीस वर्षांत त्या हसणाऱ्यांपैकी एकाच्याही बुटाला चिखल लागलेला मला दिसला नाही.

वन्संचं काम चिखलातलंच. गावाबाहेरच्या खारवट दलदलीत एक पिवळं फूल येतं. सूर्यफुलाच्या कुळातलं, पण शर्टाच्या गुंडीएवढं. पाणी ओसरायला लागलं की काठाच्या ओल्या चिखलात वीतभर रोप उगवतं, जेमतेम तीन आठवडे फुलतं, बी टाकतं आणि मरतं. मग पुढचं पाणी येईपर्यंत चिखलात फक्त बी. ते दुसरीकडे कुठे येत नाही, आणि ते आहे तोवर दलदल बुजवायची नाही, असा नियम आहे. म्हणून दरवर्षी मोजणी.

वन्सं कॅलेंडर बघत नाहीत. बोट चिखलात बुडवतात आणि जिभेला लावतात. "अजून पाणचट आहे, चार दिवस थांबू," म्हणतात, आणि चार दिवसांनी खरंच सगळा काठ पिवळा होतो. मग मीटरभराची लाकडी चौकट चिखलावर टाकायची आणि गुडघे टेकून देठ मोजायचे. फुलं नाही, देठ. एका देठाला तीन फुलं असली तरी रोप एकच, हे त्यांनी प्रत्येक नव्या साहेबाला शिकवलं आहे.

गेल्या वर्षी आलेल्या साहेबांना मात्र सगळं आधीच येत होतं. मोजणी त्यांच्यासमोर व्हायला हवी, एकटीने केलेली धरणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वन्सं तीनदा त्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, याच आठवड्यात चला. चव आली आहे."

"कसली चव?"

"चिखलाची."

साहेब इतके हसले की बाहेर मला ऐकू आलं. "गाडी मिळाली की जाऊ, बाई."

गाडी पाच आठवड्यांनी मिळाली. तोवर जमीन भेगाळली होती आणि रोपांचं काड झालं होतं. साहेब बांधावर छत्री धरून दहा मिनिटं उभे राहिले, आणि परत येऊन मला मजकूर सांगितला: 'वनस्पती आढळली नाही. संख्या शून्य.'

"अहो साहेब, ती संपली नाही, तिचं बी झालंय," वन्सं म्हणाल्या.

"दिसतं ते लिहायचं असतं, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टीत शाळेत जायचं आणि गावात मुलंच नाहीत असं लिहून यायचं, त्यातला हा प्रकार. आणि घाई कशाची होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या जागेवर गोदामं व्हायची होती.

दलदल बुजवू द्यायची की नाही याची सुनावणी चार महिन्यांवर होती. वन्संनी काठावरचा भेगाळलेला चिखल घमेलंभर उचलून आणला आणि आमच्या गॅलरीत ठेवला. रोज पाण्यात मीठ कालवायचं, चाखायचं, थू करायचं, पुन्हा कालवायचं.

"ताई, अगं कपडे कुठे वाळत घालायचे?" आमचे हे वैतागले.

"अंगावर वाळव."

महिन्याभराने हिरवे केस उगवल्यासारखं दिसलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी पहिलं फूल उमललं. एकोणीस देठ होते. घमेलं मांडीवर घेऊन वन्सं बसने गेल्या, आणि सगळ्या साहेबलोकांच्या मधोमध टेबलावर ते ठेवलं.

"हे तुमचं शून्य," त्या म्हणाल्या.

मी कोपऱ्यात टिपणं घेत बसले होते. उठून शिट्टी मारावी असं वाटलं, इतका अभिमान वाटला मला या बाईचा. साहेब वाकले, फुलं निरखली, मोबाइलवर फोटोसुद्धा काढला. "कमाल आहे, बाई," म्हणाले. आम्ही दोघी घरी आलो त्या जिंकल्यासारख्याच.

आठव्या दिवशी साहेबांनी मला निकाल सांगायला घेतला. 'सदर वनस्पती घमेल्यात उत्तम वाढते, हे आमच्या कर्मचारी महिलेने स्वतःच सिद्ध केले आहे. सबब तिच्यासाठी दलदल राखण्याची गरज उरलेली नाही. भराव टाकण्यास हरकत नाही.' शिवाय वन्संना एक प्रशस्तिपत्र. तोंडाला पानं पुसायची ती अशी, वर सहीशिक्का मारून.

माझे हात थांबले. "साहेब, घमेल्यात एकोणीस आहेत. तिकडे लाखो येतात."

"मोजणीत तर शून्य आहेत. टाइप करा."

मी केलं. नोकरी आहे, घर आहे, म्हातारे सासरे आहेत, कारणं हवी तेवढी देता येतील, आणि त्यातलं एकही माझं मलाच पटत नाही. एकही चूक न करता टाइप केलं, हे तर आणखीच संतापजनक.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, भरावाचे ट्रक लागले. संध्याकाळी वन्सं चपलांसकट घरात आल्या, हातात निकालाची प्रत. गॅलरीच्या दारात उभं राहून त्यांनी ती माझ्यासमोर पुन्हा एकदा सगळी वाचली. घमेल्यातली रोपं वाळली होती, बी चिखलावर पडलं होतं, आणि ते नेऊन टाकायला आता जागा नव्हती.

"शब्द कोणाचे?" त्यांनी विचारलं.

"साहेबांचे."

"आणि बोटं?"



"माझी," मी म्हटलं.