लाटीतली गोळी

बंगळूरच्या चिकपेटेतल्या त्या गल्लीत शालनक्काच्या हातचे उडदाचे पापड न खाल्लेलं घर शोधून सापडायचं नाही. खाली नवऱ्याचं, विठ्ठलरावांचं, फॉल-अस्तराचं दुकान, वर बिऱ्हाड आणि त्याच्या वर गच्चीत पापड. बाई बोलायला फटकळ. कुणाचं म्हणून ऐकून घ्यायची नाही. फक्त बेण्णेपुढे तिचं काही चालत नसे. कानडीत बेण्णे म्हणजे लोणी. तिच्या पांढऱ्याशुभ्र पॉमेरेनियन कुत्र्याला शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. विठ्ठलरावांना कुत्र्याचं काडीचं कौतुक नव्हतं, पण घरात ते कोण विचारतो?

बेण्णे म्हातारा झाला. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टर सौम्यांनी त्याच्या छातीला नळी लावली, ती बराच वेळ काढलीच नाही. हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, त्याचाच आवाज येतोय, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ गोळी, मीठ बंद, आणि झोपेत श्वास भरभर चालला तर लगेच घेऊन यायचं.

झालं, बाईचं स्वास्थ्य गेलं. पापड लाटताना एक डोळा पोळपाटावर, एक बेण्णेच्या बरगड्यांवर. त्यानं झोपेत नुसता सुस्कारा टाकला तरी ही जिन्यातून हाक मारायची. मग गिऱ्हाईक सोडून विठ्ठलरावांनी वर यायचं, बघायचं, झोपलाय म्हणून सांगायचं आणि परत खाली जायचं. बेण्णेचा भात ती वेगळा, अळणी शिजवायची. शेजारणीनं त्याला खारं बिस्कीट दिलं, तर तिच्याशी बोलणं टाकलं.

अडलं ते गोळीपाशी. बिनमिठाच्या इडलीत घालून दिली, तर पठ्ठ्यानं इडली खाल्ली आणि गोळी जमिनीवर काढून ठेवली. केळं, गूळ, सगळं करून झालं. शेवटी तिनं गोळी पापडाच्या लाटीत दडवली. ती त्यानं चावलीसुद्धा नाही, गटकन गिळली आणि अजून हवी म्हणून तोंड वर केलं. शालनक्का नवऱ्यासमोर चांगलीच फुशारली. तेव्हापासून तिनं पीठ कुटायला घेतलं की बेण्णे तिच्या मांडीला अंग टेकून बसायचा. गोळीची तेवढी एक लाटी, आणि मायेची वर आणखी एक.

तरी त्याचा श्वास वाढत चालला. एका दुपारी तो मान लांब करून उभाच राहिला, खाली बसेना. पोट भात्यासारखं हलत होतं. विठ्ठलरावांनी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा थांबवली. रस्ता तुंबलेला. शालनक्काचा हात बेण्णेच्या छातीवर, आणि "अण्णा, स्वल्प बेग," जरा लवकर, एवढंच ती रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. छातीत पाणी झालं होतं. बाहेर येऊन त्यांनी खाण्याचं विचारलं. मीठ पोटात जातं का, या प्रश्नाचा शालनक्काला रागच आला. चिमूटभरसुद्धा नाही, हवं तर भात चाखून बघा, म्हणाली. मग गोळी कशात देता, असं डॉक्टरांनी विचारलं.

"पापडाच्या लाटीत. घरचं पीठ आहे, बाजारचं नव्हे. उडीद, मिरी, हिंग, पापडखार आणि..."

ती थांबली. पुढचा शब्द मीठ होता. पिठात ओंजळीनं मीठ पडतं ते हिच्याच हातानं. जन्मभर पापड केले, पण लाटी खारट असते हे बेण्णेच्या बाबतीत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं की दुखणं वाढणारच होतं, मिठानं फक्त भर घातली. शालनक्काला त्याचा काही उपयोग झाला नाही.

"मी घातलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. लाडानं."

बेण्णे वाचला, घरी आला. गोळ्या वाढल्या, लाटी बंद. आता जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड घट्ट दाबून धरायचं आणि गळा चोळायचा. पहिल्या दिवशी तो तिच्या हातात थरथर कापला. गोळी गेल्यावर ती मोरीत जाऊन रडली, आणि संध्याकाळी पुन्हा त्याला धरायला बसली. विठ्ठलराव म्हणाले, अधूनमधून मी देतो.

"नको. त्याला एक माणूस नकोसं होणारच आहे. ते मी झाले. तुम्ही तरी राहा त्याला."

आता तिच्या बांगड्या वाजल्या की बेण्णे उठून दुसरीकडे जातो. दिवसभर तो खाली दुकानात, विठ्ठलरावांच्या पायाशी असतो. तेही पाय न हलवता कापड मोजतात. दुपारी शालनक्का बांगड्या कोपरापर्यंत सारून, हातानं दाबून धरते आणि अर्धा जिना उतरते. पांढरं पोट सावकाश वर जातं, सावकाश खाली येतं. तिचं समाधान होईपर्यंत ती बघत उभी राहते. मग हाक न मारता वर निघून जाते.